आवाज येतो, शब्द येत नाही

(विहाराच्या वर्धापनदिनी माईकव्यवस्था पाहणाऱ्या कार्यकर्त्यांच्या वतीने केलेले भाषण)



भाषण करणे हे आमचे काम नाही. आम्ही चौघे या विहारात माईक लावणारे. कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी 'हॅलो, माईक टेस्टिंग' एवढेच आजवर आमचे भाषण. आमच्यातला एक वायरमन, दोघे कारखान्यात, आणि एकजण नाट्यगृहात साऊंडवाल्यांच्या हाताखाली काम करतो. समितीने यंदा आग्रह केला की, विहारात तुम्ही ती तार टाकली आहे ना, तिच्याबद्दल चार शब्द बोला. लोकांना वाटते ती तार दिव्यांच्या माळेची आहे! तेव्हा गैरसमज दूर करावा, म्हणून उभे आहोत.

तीन वर्षांपूर्वीच्या बुद्धपौर्णिमेची गोष्ट. कार्यक्रम छान झाला, खीरदान झाले, आम्ही वायरी गुंडाळत होतो. पहिल्या ओळीत बसणाऱ्या आपल्या एक आजी आमच्याजवळ आल्या. या विहाराचा पाया खणला तेव्हा डोक्यावरून घमेली वाहणाऱ्यांपैकी त्या एक. आम्हाला म्हणाल्या, "बाळांनो, आज पाहुणे कशावर बोलले रे?" आम्हाला वाटले आजी थट्टा करतात. दोन तास त्या पुढे बसल्या होत्या, मान डोलवत होत्या, सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होत्या. आम्ही म्हणालो, आजी, तुम्ही तर बॉक्सच्या समोरच होता! त्या म्हणाल्या, "आवाज येतो रे, शब्द येत नाही."

आम्ही काय केले? जे कोणीही करील तेच केले. समितीकडून पैसे मागून घेतले आणि आणखी दोन बॉक्स बसवले. पुढच्या पौर्णिमेला खिडकीची तावदाने थरथरली, लहान मुले रडायला लागली, आणि आजींनी पदर कानावर धरला. त्यांना आधी जे दोन शब्द कळत होते तेही कळेनात. ही आमची चूक. ती इथे कबूल करणे आवश्यक आहे, कारण हीच चूक आज सभागृहांत, नाट्यगृहांत, लग्नाच्या हॉलमध्ये सर्रास चालली आहे. ऐकू येत नाही म्हटले की आवाज वाढवा!

पुढे आमच्यापैकी एकाच्या भाचीने, ती श्रवणतज्ज्ञाचे शिक्षण घेत होती, आम्हाला समजावून सांगितले. वयाने किंवा गोंगाटाने कान जातो तेव्हा तो सगळा सारखा जात नाही. बहुतेकांचा आधी बारीक, तीव्र स्वरांचा भाग जातो. आ, ई, ओ हे स्वर जाड असतात, ते ऐकू येतात. पण स, श, त, फ, ख ही व्यंजने बारीक, ती गळून पडतात. मग 'पाट', 'ताट', 'खाट' हे तिन्ही शब्द सारखेच वाटतात. त्यात हॉलमध्ये भिंतीवरून, फरशीवरून, पत्र्यावरून आवाज आपटून परत येतो. नुकताच बोललेला शब्द अजून घुमत असतो, तेवढ्यात पुढचा शब्द त्याच्यावर येऊन पडतो. तरुण कान हे वेगळे काढतो, थकलेल्या कानाला ते जमत नाही. आवाज वाढवला की घुमणेही वाढते. अंधारात छापील कागद वाचता येत नसेल तर दिवा लावता येतो, पण शाईच फरकटलेली असेल तर कितीही उजेड करा, अक्षर लागणार नाही. तसे हे आहे.

कोणी म्हणेल, मशीन लावावे. आजींकडे मशीन होते! एका शिबिरात मिळालेले, खिशात ठेवायचे, वायर असलेले. ते कपाटात पडून होते. का? कारण मशीनचा माईक असतो छातीवर, आणि बोलणारा तीस फुटांवर. मशीन बिचारे जे जवळ आहे ते आधी मोठे करते. पंख्याची घरघर, शेजारणीच्या बांगड्या, मुलाचे रडणे, बाहेरची रिक्षा. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाज सहा डेसिबलने उतरतो. घरात समोरासमोर मशीन चांगले चालते, सभेत ते गोंधळ वाढवते. म्हणून म्हातारी माणसे मशीनला नावे ठेवतात आणि आपण त्यांना नावे ठेवतो, की एवढे मिळाले तरी लावत नाहीत.

आता गंमत ऐका. ते मशीन आम्ही हातात घेऊन पाहिले. त्यावर एक छोटा खटका होता आणि त्याच्याजवळ दोन इंग्रजी अक्षरे, एम आणि टी. आजी म्हणाल्या, "त्या दुसऱ्या अक्षरावर गेलं की बंद पडतं, नुसतं गुणगुणतं. म्हणून तर ठेवून दिलं." आम्हालाही वाटले मशीन बिघडले. भाचीला विचारले तेव्हा ती हसली. एम म्हणजे माईक. टी म्हणजे टेलिफोन. टी केले की मशीनचा माईक बंद होतो आणि आतली तांब्याच्या तारेची बारीक गुंडाळी चालू होते. टेलिफोनच्या रिसीव्हरमधून जे चुंबकीय क्षेत्र निसटते ते पकडण्यासाठी ती गुंडाळी मुळात बसवली गेली. आणि टेलिफोनमधून पकडता येते, तर अख्ख्या खोलीत तसे क्षेत्र तयार केले तर? हा विचार फार जुना आहे. १९३७ साली ब्रिटनमध्ये जोसेफ पोलियाकॉफ यांनी अशा व्यवस्थेचे पेटंट घेतले. म्हणजे आजींच्या जन्माआधीपासून ही विद्या जगात आहे, त्यांच्या कपाटातल्या मशीनमध्ये तिची किल्ली होती, आणि ती देणाऱ्यांपैकी कोणीही त्यांना एका वाक्यात सांगितले नव्हते की, आजी, हा खटका कशासाठी आहे. याचे आम्हाला आजही वाईट वाटते.

व्यवस्था अगदी सोपी आहे. सभागृहाच्या कडेने एक तार फिरवायची. माईकमधून येणारे बोलणे एका खास ॲम्प्लिफायरमार्फत त्या तारेत विजेच्या रूपाने सोडायचे. तारेभोवती, म्हणजे सबंध खोलीत, बोलण्याप्रमाणे कमीजास्त होणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. आत बसलेल्या माणसाने खटका टीवर केला की वक्त्याचे बोलणे माईकमधून थेट कानात. मधली हवा नाही, पंखा नाही, घुमणे नाही. याला लूप म्हणतात. ज्या जागी तो असतो तिथे निळ्या रंगावर कानाचे चित्र आणि टी हे अक्षर असलेली पाटी लावतात. रेल्वेच्या खिडकीवर, विमानतळावर, नाट्यगृहात परदेशी ती पाटी दिसते.

सोपी म्हणालो, पण आम्ही ती करताना नाकी नऊ आले. पहिल्या वेळी शहाणपणा करून विहाराच्या नेहमीच्या ॲम्प्लिफायरलाच शंभर फूट तार जोडली. जाड तार, एकच वेढा, तिला रोध जवळजवळ नाहीच. म्हणजे आम्ही तो ॲम्प्लिफायर शॉर्टच केला होता. दहा मिनिटांत वास आला आणि संपला. त्याची दुरुस्ती आम्ही स्वतःच्या खिशातून केली, समितीला त्याचे बिल लावले नाही, हे इथे नमूद करतो. मग लूपसाठीच बनवलेला ॲम्प्लिफायर आणला. त्याला दोन बॉक्सपेक्षा जास्त पैसे लागले आणि त्यावरून समितीच्या बैठकीत जे बोलणे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. फरशी बदलायची की तार टाकायची? फरशी दिसते, तार दिसत नाही. महिला मंडळाने आपल्या भिशीतून पहिला हप्ता दिला म्हणून तो विषय मिटला.

तार टाकल्यावर दुसरे संकट. आजींनी खटका टीवर केला आणि म्हणाल्या, "भुंगा बसलाय कानात." ती घरगुती विजेची गुणगुण. टी जे चुंबकीय क्षेत्र पकडते त्यात आपल्या घरातली वीजही आली. वायरमन मित्राने दोन रविवार घालवून शोधले. जिन्यातल्या दिव्याचा जो वर-खाली दोन्हीकडून चालणारा स्विच आहे, त्याच्या वायरी पूर्वी वेगवेगळ्या वाटेने नेलेल्या होत्या. जाणारी वायर एका भिंतीतून, येणारी दुसऱ्या भिंतीतून, म्हणजे नकळत एक मोठा लूप विजेनेच केलेला! त्या वायरी एकत्र नेल्या आणि भुंगा उडाला. डाव्या खांबाजवळ मात्र अजून आवाज क्षीण आहे. खांबातल्या लोखंडी सळ्या क्षेत्र खातात. यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, बोलण्याच्या उंच टोकाला क्षेत्र मीटरला ४०० मिलिॲम्पिअर भरले पाहिजे. आम्ही मीटर उसना आणून चटईचटईवर मोजले. त्या खांबापाशी ते भरत नाही.

आणि मग तो दिवस. आषाढी पौर्णिमेला भन्तेजी बोलत होते. आजींनी खटका टीवर केला. आम्ही माईकपाशी उभे राहून त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी मान डोलवली नाही. त्या नुसत्या स्थिर बसून राहिल्या. देसना संपल्यावर त्या उभ्या राहिल्या आणि भन्तेजींना म्हणाल्या, "तुम्ही मघा जे म्हणालात ते मला पटलं नाही." सगळी सभा हसली. आम्ही हसलो नाही. कितीतरी वर्षांनी त्यांना न पटण्याइतके ऐकू आले होते.

बुद्धांच्या शिष्याला श्रावक म्हणतात, म्हणजे ऐकणारा. कित्येक शतके धम्म लिहिलेला नव्हता, ऐकून ऐकून टिकला. तेव्हा ज्या जागी आपण ऐकायला जमतो तिथे सर्वांना ऐकू यावे, यात जगावेगळे काही नाही. पण विहाराचे सोडा. आम्हाला आज बोलायचे आहे ते बाहेरच्या जागांबद्दल.

असाच अनुभव सातासमुद्रापलीकडे एका प्राध्यापकाला आला होता. डेव्हिड मायर्स हे अमेरिकेतले मानसशास्त्राचे प्राध्यापक. त्यांना ऐकू कमी येते. १९९९ साली ते पत्नीसह स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळील आयोना बेटावरच्या जुन्या दगडी मठात प्रार्थनेला बसले होते. दगडी इमारत, आवाज भिंतींवर आपटून विरत होता. पत्नीने भिंतीवरची टीची पाटी दाखवली. त्यांनी खटका फिरवला आणि बोलणे कानाच्या मध्यभागी आले. घरी, मिशिगन राज्यातल्या हॉलंड नावाच्या छोट्या शहरात परतल्यावर त्यांनी ध्यासच घेतला. आधी चर्चमध्ये, मग सभागृहांत, पुढे शेजारच्या ग्रँड रॅपिड्सच्या विमानतळावर लूप आले. सरकारने नव्हे, एका माणसाने सुरुवात केली आणि शेजाऱ्यांनी साथ दिली. तेव्हा ही मोठ्या लोकांची, मोठ्या पैशांचीच गोष्ट आहे असे कृपया समजू नका.

तिथे कायदाही आहे. अमेरिकेचा अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९० चा. त्याखालच्या २०१० च्या मानकांप्रमाणे ५०० खुर्च्यांच्या सभागृहात कमीत कमी २० श्रवणसंच ठेवावे लागतात, आणि त्यांपैकी ५ संच मशीन वापरणाऱ्याला टीवर ऐकता येईल असे हवेत. आकडा ठरलेला आहे म्हणून मागता येतो.

आपल्याकडे काय? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सार्वजनिक इमारती सुगम असाव्यात हे त्यात आहे, संस्कृती आणि करमणुकीत सहभागाचा हक्कही आहे. १५ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांत कर्णबधिर आणि अंधांसाठी काय सोयी असाव्यात याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, सुगमतेच्या बाबी नुसत्या शिफारशी म्हणून ठेवून चालणार नाही, किमान गोष्टी सक्तीच्याच हव्यात. हे वाचून बरे वाटले. पण एक बारकावा लक्षात घ्या. या कायद्याखाली 'ऐकू कमी येणारा' म्हणून दाखला मिळायला दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलची तूट लागते. आपल्या वस्तीतले अनेक आजी-आजोबा पन्नासच्या आसपास असतील. कागदावर ते धडधाकट. पण सभागृहात त्यांना शब्द येत नाही. म्हणून ही सोय दाखल्याला बांधू नये. जिना चढताना कठडा धरायला कोणी दाखला मागतो का? आणि ही थोडीथोडकी माणसे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे जगात दीडशे कोटींहून अधिक लोकांना कमीअधिक ऐकू कमी येते.

आपल्या समाजात तर याला कारणेही आहेत. गिरण्यांत आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत, धोट्याचे सूत तोंडाने ओढावे लागे म्हणून, शिवाशिवीपायी. मग ते राहिले रिंग खात्यात, दिवसभर चात्यांच्या किंकाळीत. कुणी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, कुणी बॉयलरपाशी. त्या कानांनी घर चालवले. आणि आता नातवंडे जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर नाचून तेच कान फुकटात घालवत आहेत! हे काहींना आवडणार नाही, पण माईकवाल्यांनी नाही सांगायचे तर कोणी?

नाट्यगृहाकडे वळतो. आमचा जो मित्र तिथे काम करतो तो सांगतो, पूर्वी जे आजोबा दर रविवारी नाटकाला यायचे ते हळूहळू येईनासे होतात. कोणी विचारत नाही का. आम्ही आजींना घेऊन एका नाट्यगृहात गेलो, खिडकीवर विचारले, कमी ऐकू येणाऱ्यांसाठी काही सोय आहे का? उत्तर मिळाले, "रॅम्प आहे ना बाजूला." दुसऱ्या एका सभागृहात सोय खरोखरच होती. संच कपाटात होते, कपाटाची किल्ली एका माणसाकडे होती आणि तो माणूस रजेवर होता. तेव्हा नुसते बसवून भागत नाही. संच चार्ज हवेत, कानात घालायचा भाग पुसलेला हवा, खिडकीवरच्या माणसाला माहिती हवी, आणि पाटी हवी. तिसरी घंटा होण्यापूर्वी मोबाईल बंद ठेवण्याची सूचना होतेच, तिला जोडून एक वाक्य म्हणायला काय जाते, की श्रवणसंच अमुक ठिकाणी मिळतील?

जागेप्रमाणे पद्धत बदलते. आपल्या विहारासारख्या एकट्या इमारतीला लूप चांगला. जिथे एकाला लागून एक पडदे आहेत अशा चित्रपटगृहात लूपचे क्षेत्र भिंतीपलीकडे जाते, शेजारचा सिनेमा कानात यायचा! तिथे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची व्यवस्था बरी, कारण प्रकाश भिंत ओलांडत नाही. मात्र उन्हात ती चालत नाही, म्हणून मैदानावरच्या सभेला रेडिओ लहरींचे संच. मशीनवाल्यांना अशा संचाबरोबर गळ्यात घालायचा छोटा लूप मिळतो, म्हणजे पुन्हा टी कामाला येतो. २०२२ मध्ये ब्लूटूथची ऑराकास्ट नावाची नवी पद्धत जाहीर झाली आहे, तिने एका ठिकाणाहून कितीही जणांना आवाज पाठवता येतो. पण शिबिरात मिळालेल्या मशीनमध्ये ती नसते. नवीन येईल तेव्हा येईल, म्हणून जुने टाळू नये. नवीन मशीन घेताना दुकानदाराला विचारा, यात टी आहे का? अगदी लहान मशीनमध्ये जागा वाचवायला ती गुंडाळी काढून टाकतात. काहींत असते, पण चालू करून दिलेली नसते.

व्यवस्थापक मंडळी म्हणतात, मागणीच नाही. बरोबर आहे. ज्याला ऐकू येत नाही तो मागत नाही, तो मान डोलवतो. मागणी आपण करायची. नाटकाचे, सिनेमाचे तिकीट काढताना दर वेळी विचारायचे. लग्नाचा हॉल घेताना विचारायचे. नगरपालिकेचे सभागृह दुरुस्तीला निघाले, तर फरशी उखडलेली असतानाच तार टाका, असा अर्ज द्यायचा. तेव्हा खर्च थोडा असतो, नंतर तोडफोड करावी लागते.

आता आमची एक तक्रार, व्यासपीठावरच्या मान्यवरांची माफी मागून. जे माईकमध्ये जाईल तेवढेच लूपमध्ये जाते. काही वक्ते माईक बाजूला सारतात आणि म्हणतात, माझा आवाज खणखणीत आहे, मला याची गरज नाही. सभा खूश होते, टाळ्या पडतात, आणि टीवर बसलेल्या आठ-दहा माणसांच्या कानात एकदम शांतता पसरते. त्यांना वाटते मशीन बंद पडले. सभेतून प्रश्न विचारला गेला तर तोही माईकवरूनच यावा, नाहीतर उत्तर तेवढे ऐकू येते. आम्ही हातातला माईक घेऊन पळत येऊ, तोवर कृपया थांबा.

सूचना तीन. येत्या रविवारी वंदनेनंतर सर्वांनी घरातली मशीन घेऊन यावे, कपाटात ठेवून दिलेलीसुद्धा. आम्ही खटका पाहून देऊ, सेल बदलून देऊ. ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांच्यासाठी चार संच पेटीत ठेवले आहेत, वहीत नाव लिहून न्यावेत आणि जाताना परत करावेत. मागच्या महिन्यात एक संच घरी गेला तो अजून आला नाही. आणि डाव्या खांबाजवळच्या दोन चटयांवर आम्ही लाल फीत लावली आहे. तिथे आवाज क्षीण आहे, तेव्हा तिथे तरुणांनी बसावे. जयभीम.